जादू शिकलेले पोलीस: 'रिव्हर्स ऑफ लंडन' वाचणाऱ्यांनो, अनुभव लिहा

टिळकवाडीकर
बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ही मालिका वाचणारे बरेच भेटले, म्हणून हा धागा. बेन ॲरोनोविचची पहिली कादंबरी २०११ मध्ये आली आणि मालिका अजून चालू आहे. पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला नवखा कॉन्स्टेबल. कोव्हेंट गार्डनला खून झालाय, हा थंडीत कुडकुडत पहाऱ्यावर उभा. एक माणूस येऊन सांगतो, मी सगळं बघितलंय. साक्षीदार केव्हाचा मेलेला! पीटर काय करतो, तर वही काढून जबाब घ्यायला लागतो. मला हा पोरगा तिथेच आवडला. पुढे इन्स्पेक्टर नाइटिंगेल त्याला हाताखाली घेऊन जादू शिकवतो. तुम्हाला काय भावलं, काय खटकलं, मोकळेपणी लिहा. शेवट मात्र फोडू नका.

हवालदाराची_लेक
बाबा पोलिसात होते. घरी जेवताना विषय पंचनाम्याचा, बंदोबस्ताचा, नाहीतर साहेबांनी परत पाठवलेल्या रिपोर्टाचा. टीव्हीवर पोलिसांचा सिनेमा लागला की बाबा उठून जायचे. पीटरला सुरुवातीला ज्या विभागात टाकायचं ठरतं, तिथलं काम म्हणजे बाकीच्या पोलिसांचे कागद भरून देणं. तेवढा भाग मी बाबांना मराठीत सांगितला. ऐकून म्हणाले, "ह्यो लिहिणारा ठाण्यात बसून आलाय बघ." भूत निघो नाहीतर नदीची देवी, नोंद करायची, वर कळवायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घ्यायचे. जादूच्या भानगडीला यांनी 'फाल्कन' असा परवलीचा शब्दसुद्धा ठरवलाय. असली शिस्त आहे म्हणून मला जादू पटली.

कणकुंबीवाला
मी वाचली ती नद्यांसाठी. थेम्सला समुद्राच्या भरतीचं पाणी टेडिंग्टनच्या बंधाऱ्यापर्यंत चढतं. त्याच्या वर फादर थेम्सचं राज्य, खाली मामा थेम्सचं. मामा म्हणजे इथे आई; मामा थेम्स ही नायजेरियातून नर्सिंग शिकायला आलेली बाई. फ्लीट, टायबर्न, बेव्हर्ली ब्रूक या तिच्या लेकी, म्हणजे लंडनमधल्या लहान नद्या. फ्लीट आणि टायबर्न आता रस्त्यांखालून गटारासारख्या वाहतात, तरी दोघींचा थाट बघावा! हद्दीवरून दोन्ही घरांत वाजलेलं, आणि ते मिटवायच्या कामाला जुंपलंय कुणाला, तर या नवख्या कॉन्स्टेबलला.

आमच्याकडे हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मलप्रभा आमच्या गावात माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. जवळच्याच कळसा नाल्याचं पाणी म्हादईला मिळून पश्चिमेला गोव्यात उतरतं. ते इकडे वळवायचं की नाही, यावर लवादाने २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद संपलेला नाही. आजी मलप्रभेची ओटी भरायची तेव्हा तिच्याशी बोलायची, "यंदा बेतानं ये गे बाई." पीटर मामा थेम्सच्या घरी जातो, चहा-बिस्किटं पुढे येतात, आणि आधी खात्री करून घेतल्याशिवाय तो कशाला हात लावत नाही, कारण तिच्या घरचं खाल्लं की माणूस तिचा बांधील होतो. मोठ्या बाईच्या उंबऱ्यात कसं वागायचं हे लेखकाला पक्कं ठाऊक आहे. ही पानं मी घरात मोठ्याने वाचली.

उद्यमबाग_रात्रपाळी
इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून मी ऐकतो. कोब्ना होल्डब्रुक-स्मिथने वाचलेली ऑडिओ पुस्तकं मिळवाच. प्रत्येक माणसाचा आवाज वेगळा, न सांगता कळतं कोण बोलतंय. मी कारखान्यात सीएनसी मशीनवर असतो, त्यामुळे माझी आवडती गोष्ट निराळी. जादू केली की जवळच्या मोबाइलमधल्या चिपची वाळू होते. पीटर गप्प बसत नाही, प्रयोग करून बघतो, आणि फोनची बॅटरी तोडायला बटण बसवतो. गुरूने सांगितलं म्हणून मान डोलवली, असला चेला नाही तो.

निपाणीची_वाचक
एक खटकलेलं लिहिते. पहिल्या भागात माणसांच्या चेहऱ्यांचं जे होतं ते मला झेपलं नाही, काही पानं उलटून पुढे गेले. शाळकरी मुलांच्या हातात देऊ नका. शिवाय इमारत दिसली की पीटर तिच्या बांधकामावर सुरू होतो. पण लेस्ली मेसाठी मी वाचत राहिले. पीटरच्या बरोबरीची कॉन्स्टेबल, कामात त्याच्यापेक्षा तल्लख. तिच्याबद्दल कुणी काही सांगितलं तर कानावर हात ठेवा.

नवा_गडी
मी 'फॉक्सग्लव्ह समर'पासून घेतली तर चालेल? त्यात खेडं आहे म्हणे.

टिळकवाडीकर
नको. तो पाचवा भाग, २०१४ चा. लंडन सोडून हेरफर्डशरच्या गावाकडे हरवलेल्या मुली शोधायच्या, सुंदर आहे, पण पीटर तिथे कुठल्या मनःस्थितीत पोचतो हे चौथ्या भागाशिवाय कळणार नाही. पहिल्यानंतर 'मून ओव्हर सोहो', मग 'व्हिस्पर्स अंडर ग्राउंड', मग 'ब्रोकन होम्स', मग हा. लंडनचा कंटाळा आलाच तर जर्मनीतल्या ट्रियरमधली 'द ऑक्टोबर मॅन' मधेच वाचता येईल, तिथला पोलीस वेगळा आहे.

शहापूरची_सून
पहिले दोन भाग माझ्याकडे आहेत. नव्या गड्याला हवे असतील तर खडेबाजारात आणून देते. वाचून झाले की कणकुंबीकडे पाठवा, आमच्या सासूबाईंना ते मामा थेम्सचं प्रकरण मोठ्याने वाचून घ्यायचंय.