आजोबांचे व्हिडिओ टीव्हीवर कसे लावायचे?

मावशी: अरे आजोबांचे जुने व्हिडिओ लॅपटॉपवर आहेत ते टीव्हीवर बघायचेत. पेनड्राइव्ह लावला तर निम्मे चालतात, निम्म्यांना फॉरमॅट सपोर्टेड नाही असं येतं. आजीला मोबाईलवर नीट दिसत नाही गं

ताई: मावशी गूगल ड्राइव्हवर अपलोड कर ना नि टीव्हीवर लिंक उघड

मी: नको ताई. फाइल घरात, टीव्ही घरात, मग व्हिडिओ बाहेर पाठवून परत आत कशाला आणायचा? मावशी लॅपटॉपवर जेलीफिन सर्व्हर टाक, लॅपटॉपवरचे व्हिडिओ घरच्या नेटवर्कवरून टीव्हीला दाखवणारा प्रोग्राम आहे तो. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. एम्बी नावाच्या तसल्याच प्रोग्रामवाल्यांनी २०१८ मध्ये कोड बंद केला तेव्हा काही जणांनी आधीचा खुला कोड घेऊन हे वेगळं काढलं. मला म्हणूनच ते आवडतं, घरचे व्हिडिओ आपल्याच मशीनवर राहतात नि कुठे बाहेर अकाउंट काढावं लागत नाही

काका: टाकलं. फोल्डर पण दाखवला. टीव्हीवर काहीच दिसत नाहीये

मी: काका टीव्हीच्या ॲप स्टोअरमध्ये जेलीफिन मिळतंय का बघा. मिळालं तर त्यात लॅपटॉपचा आयपी, म्हणजे घरच्या नेटवर्कवरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होईल, आणि पुढे कोलन ८०९६. ॲप नसेल तर डीएलएनए वापरायचं, म्हणजे ॲपशिवाय टीव्हीला घरातले व्हिडिओ दिसायची सोय, पण जेलीफिनच्या १०.९ व्हर्जनपासून त्याचं प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो

काका: ॲप मिळालं. पत्ता टाकला, कनेक्ट होत नाही. दोनदा तपासला

मी: टीव्ही कुठल्या वायफायवर आहे? पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर नाही ना? गेस्टवरचं डिव्हाइस इंटरनेटला जातं पण राउटर त्याला घरातल्या बाकी मशीनशी बोलू देत नाही, म्हणून यूट्यूब मस्त चालतं नि लॅपटॉप काही सापडत नाही. तसं नसेल तर विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिक आहे का बघा, ते प्रायव्हेट करा, नाहीतर विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारी कनेक्शन रोखणारा पहारेकरी अडवतो

काका: गेस्टवरच होता! बसवायला आलेल्या मुलाला तोच पासवर्ड दिलेला. बदलला. आले सगळे व्हिडिओ

मावशी: लागलाय पण दर थोड्या वेळाने थांबतोय आणि लॅपटॉपचा पंखा केवढा आवाज करतोय

मी: तो ट्रान्सकोड करतोय मावशी. टीव्हीला जो फॉरमॅट कळत नाही तो लॅपटॉप चालू व्हिडिओतच बदलून पाठवतो, त्याचा सगळा भार प्रोसेसरवर. जेलीफिनचा डॅशबोर्ड उघड, तिथे डायरेक्ट प्ले, म्हणजे न बदलता, असं लिहिलंय की ट्रान्सकोडिंग ते दिसेल. सबटायटल चालू असतील तर बंद कर, काही प्रकारचे सबटायटल चित्रातच छापून पाठवावे लागतात, म्हणजे अख्खा व्हिडिओ परत बनवणं आलं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर सेटिंगमध्ये क्विक सिंक चालू करून बघ, ते बदलायचं काम त्यातल्या ग्राफिक्सच्या भागाकडे जातं

काका: सबटायटल नाहीतच, कॅमकॉर्डरच्या टेपवरून काढलेल्या फाइली आहेत

मी: मग काका रात्री हँडब्रेक या फॉरमॅट बदलणाऱ्या प्रोग्रामला लावून टीव्हीला कळणारे एच २६४ एमपी४ करून ठेवा, हँडब्रेकही ओपन सोर्सच आहे. डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर हात हलला की कडेला दातेरी रेघा दिसतात. पण मूळ फाइल अजिबात डिलीट करू नका हं, प्रत्येक वेळी बदलताना थोडी क्वालिटी जातेच. मूळची एक कॉपी वेगळ्या हार्डडिस्कवर पण ठेवा

ताई: मला माझ्या घरून बघता येईल का रे? राउटरवर पोर्ट उघडायचा व्हिडिओ बघितला मी

मी: पोर्ट म्हणजे बाहेरून आत यायचं दार, ते सर्व्हरसाठी नको उघडूस, मग तो सर्व्हर सगळ्या जगाला दिसतो. वायरगार्ड लावू, ती घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी वाट असते, म्हणजे तुझा फोन त्यांच्या घरच्याच नेटवर्कवर असल्यासारखा चालेल. रविवारी बसून करून देतो

मावशी: क्विक सिंक केलं, आता न थांबता चाललाय. आजोबा पाठमोरे बसून सायकलची चेन चढवतायत. आजी एकदम पुढे सरकून बसली नि म्हणते आवाज वाढव, ते काय पुटपुटतायत ऐकू दे. परत मागे न्यायला रिमोटवर कुठलं बटण?

मी: डावा बाण, मावशी. एकदा दाबला की थोडा मागे जातो