मदत हवी आहे: निपाणीहून हर्णैला, वाटेतल्या दोन्ही फेरीबोटी धरून

मंडळी, डिसेंबरात शनिवारी निपाणीहून हर्णैला निघतोय. सुवर्णदुर्ग आईला निदान किनाऱ्यावरून तरी दाखवायचा आहे आणि बंदरावरचा संध्याकाळचा मासळी लिलाव चुकवायचा नाही.

कोल्हापूर, आंबा घाट, जयगड. तिथून फेरीने तवसाळ, पुढे गुहागर, मग धोपावे-दाभोळ दुसरी फेरी आणि दापोलीमार्गे हर्णै, असा रस्ता ठरवलाय. चिपळूणवरून वळसा घालायचा नाही. आईला एवढा वेळ गाडीत बसवत नाही. गाडी सेडान आहे, खालून बरीच बुटकी. चौघं आहोत. आईचे गुडघे दुखतात, जिना जमत नाही.

फेरीच्या नंबरावर तीनदा फोन केला, उचलला नाही. नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं वेळापत्रक दिसतं. आमच्या गल्लीतले एकजण गेले होते, पण त्यांची जीप उंच, त्यामुळे माझ्या मुख्य शंकेचं उत्तर मिळालं नाही.

ओहोटीच्या वेळी धक्क्यावरचा उतार एवढा तीव्र होतो का, की बुटक्या गाडीचा बंपर घासेल? दोन्हीपैकी कुठे जास्त त्रास? आणि फेरी चालू असताना आईला गाडीतच बसू देतात का?