फ्लोरिडा, अमेंडमेंट 3: गांजाच्या प्रश्नावर तुम्ही काय ठरवलंत?

टॅम्पाकर | 17 ऑक्टोबर 2024

मंडळी, मिल्टन वादळात गेलेली वीज एकदाची आली. तोडलेल्या फांद्यांचे ढीग अजून रस्त्याच्या कडेला तसेच आहेत आणि त्यातच टपालाने मतपत्रिका येऊन पडली आहे. सिटिझन झाल्यानंतरची माझी ही पहिली अध्यक्षीय निवडणूक. उमेदवारांचं माझं ठरलंय, त्यावर इथे चर्चा नको. गाडी अडली आहे ती अमेंडमेंट 3 वर, म्हणजे राज्याच्या घटनेत दुरुस्ती करायच्या प्रस्तावावर. एकवीस वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही स्वतःपुरता गांजा विकत घेऊ द्यायचा, बाळगू द्यायचा, ओढू द्यायचा का? हो की नाही?

का अडले ते सांगते. घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे. टीव्ही लावला की एक जाहिरात सांगते हो म्हणा, तिच्या पाठोपाठ दुसरी सांगते नाही म्हणा. गव्हर्नर डिसँटिस जीव तोडून विरोध करताहेत आणि त्यांच्याच पक्षाचे ट्रम्प म्हणतात मी हो म्हणणार. म्हणजे पक्ष बघून ठरवावं म्हटलं तर तेही जमत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जिने माझी झोप उडवली आहे. माझा भाचा इथे विद्यार्थ्यांच्या एफ-1 व्हिसावर मास्टर्स करतोय. रविवारी जेवायला आला होता. भाजी वाढून घेता घेता सहज म्हणाला, "मावशी, हे पास झालं की मग काय, बिअरसारखंच." पोरगा सरळ आहे, काही लपवत नाही. तो इतक्या सहज बोलला म्हणूनच मला धडकी भरली. बहिणीने त्याला माझ्या भरवशावर इथे पाठवलंय.

आधी आपापल्या राज्यात असं मत दिलेलं कुणी असेल, किंवा कायद्यातलं, औषधांतलं कळणारं कुणी असेल, तर कृपया लिहा. गांजा चांगला की वाईट एवढंच सांगून थांबू नका.

---

कोलंबसवाला | 17 ऑक्टोबर

आमच्या ओहायोत गेल्या वर्षी 7 नोव्हेंबरला इश्यू 2 वर, म्हणजे गांजा कायदेशीर करायच्या प्रस्तावावर, मतदान झालं. साधारण 57 टक्के लोक हो म्हणाले. त्यात मीही होतो. तुमच्याकडे हेच 57 टक्के पडले तर प्रस्ताव आपटेल, कारण फ्लोरिडात घटनादुरुस्तीला 60 टक्के लागतात.

मोठा फरक असा की आमचा साधा कायदा होता, तुमची घटनादुरुस्ती आहे. आमच्याकडे निकालानंतर महिन्याभरातच सिनेटने तो कायदा बदलायचं बिल पास केलं: कर वाढवा, घरातली झाडं कमी करा. हाउसने ते अडवलं, पण टांगती तलवार आहेच. घटनेत घातलं की आमदारांना सहजासहजी हात लावता येत नाही. उलट, काही चुकीचं घातलं गेलं तर ते काढायलाही पुन्हा 60 टक्केच जमवावे लागतील. मतपत्रिका भरताना हे दोन्ही डोक्यात असू द्या.

दुसरं म्हणजे आम्हाला घरी झाडं लावता येतात. माणशी सहा, घरटी जास्तीत जास्त बारा. तुमच्या अमेंडमेंटमध्ये घरच्या लागवडीला परवानगी नाही, घ्यायचा तर दुकानातूनच. या प्रचाराला सगळ्यात जास्त पैसा ट्रुलीव्हने दिलाय आणि ती फ्लोरिडातली सगळ्यात मोठी मेडिकल गांजा (औषध म्हणून विकला जाणारा) कंपनी आहे. तेवढ्यावरून नाही म्हणा असं मी म्हणणार नाही. पण दुकान कुणाचं चालणार आहे हे डोळे उघडे ठेवून बघावं.

रोजच्या जगण्यात काय बदललं म्हणाल तर फारसं काही नाही. या ऑगस्टपासून विक्री सुरू झाली, पहिल्या आठवड्यात रांगा लागल्या, मग ओसरल्या.

---

फाईलींमधली | 18 ऑक्टोबर

टॅम्पाकर ताई, तुमचं मत तुमच्यापाशी. मी लिहिते आहे ती फक्त भाच्यासाठी. इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात काम करते. मी वकील नाही, पण या फाईली रोज हातातून जातात. आणि हे आपल्या लोकांना कुणी वेळेवर सांगत नाही याचा मला मनापासून राग येतो.

हातातल्या मतपत्रिकेवर अमेंडमेंट 3 चा सारांश वाचा. त्यात एक छोटं वाक्य आहे: ही दुरुस्ती फ्लोरिडाच्या कायद्यापुरती आहे, केंद्राचा कायदा बदलत नाही आणि तो मोडणाऱ्याला संरक्षणही देत नाही. जाहिरातींत हे वाक्य तुम्हाला ऐकू येणार नाही. भाच्याच्या दृष्टीने अख्ख्या मतपत्रिकेवर याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही. व्हिसा, ग्रीन कार्ड, सिटिझनशिप हे सगळं केंद्राच्या हातात. आणि केंद्राच्या अमली पदार्थांच्या यादीत गांजा आजही शेड्यूल 1 या सगळ्यात कडक वर्गात, हेरॉइनच्या रांगेत बसलेला आहे. यंदा मे महिन्यात तो कमी कडक अशा शेड्यूल 3 मध्ये आणायचा प्रस्ताव निघालाय, पण प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे.

आता बारकावा. ही दुरुस्ती तीन औंसांपर्यंत गांजा जवळ ठेवू देईल, म्हणजे सुमारे 85 ग्रॅम. इमिग्रेशन कायद्यातलं हद्दपारीचं कलम सूट देतं ती एकाच वेळच्या, स्वतःच्या वापरासाठीच्या, 30 ग्रॅमपर्यंतच्या गुन्ह्याला. राज्याला जे मान्य, ते केंद्राला मान्य असेलच असं नाही. शिवाय देशाबाहेर जाऊन परत येताना वेगळंच कलम लागतं. तिथे शिक्षा झालेलीच असावी लागते असंही नाही. विमानतळावर अधिकाऱ्याने खोदून विचारलं आणि पोराने प्रामाणिकपणे "हो, ओढलाय, आमच्याकडे लीगल आहे" असं कबूल केलं, तर तेवढ्यावरूनही प्रवेश नाकारला जाऊ शकतो. लीगल होता म्हणून तो बिनधास्त बोलतो आणि नेमका तिथेच अडकतो. फोनही तपासला जाऊ शकतो. दुकानाबाहेर मित्रांबरोबर काढलेला फोटो मेसेजमध्ये पडून असतो, तो कुणाच्या लक्षातही राहत नाही.

ग्रीन कार्डवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. यूएससीआयएसने (सिटिझनशिप आणि इमिग्रेशनचे अर्ज बघणारं केंद्राचं खातं) एप्रिल 2019 मध्ये लेखी स्पष्ट केलंय की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर सिटिझनशिपच्या अर्जात चारित्र्याच्या अटीला आडवा येऊ शकतो. त्यात गांजाच्या धंद्यातली नोकरीही आली. हे पास झालं तर दुकानं वाढतील, त्यांना हिशेबाला माणसं लागतील, सॉफ्टवेअरला लागतील. आपलीच मुलं अर्ज करतील. मला सगळ्यात जास्त भीती त्याची वाटते.

भाच्याला ओरडू नका. शेजारी बसवा, ते वाक्य त्याच्या बोटाखाली ठेवा आणि मोठ्याने वाचायला लावा. आधीच काही घडलं असेल, तर कुठलाही अर्ज भरण्याआधी किंवा तिकीट काढण्याआधी वकिलाला भेटा. आणि अर्जात खोटं मात्र कधीही लिहू नये. ते निस्तरणं आणखी अवघड असतं.

---

औषधवाला_जॅक्सनव्हिल | 18 ऑक्टोबर

मी फार्मसिस्ट आहे. मुलाबद्दल: प्रस्ताव एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे, सतरा वर्षांच्या मुलाला तो तेव्हाही बेकायदाच राहील. पण तुम्ही ज्याची वाट अडवताय त्यातलं बरंचसं आत्ताच पेट्रोल पंपाच्या काउंटरवर ठेवलेलं आहे. हेम्पपासून (गांजाच्याच झाडाचा कमी नशेचा प्रकार) काढलेलं, नशा आणणारं डेल्टा-8, रंगीत पाकिटांत, गोळ्या-चॉकलेटांच्या रूपात. 2018 च्या केंद्रीय शेती कायद्यातून ही पळवाट निघाली. फ्लोरिडाच्या विधिमंडळाने यंदा ती आवळायचं बिल पास केलं, आणि गांजाला विरोध करणाऱ्या याच गव्हर्नरांनी जूनमध्ये त्याच्यावर व्हेटो मारला. मेडिकल गांजाच्या दुकानातल्या मालाची निदान तपासणी होते, वर मिलिग्रॅम छापलेले असतात. पंपावरच्या पाकिटात काय आहे ते मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून मी हो म्हणणार आहे. पण घरात गमी, म्हणजे गांजाच्या चघळायच्या गोळ्या, आणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी कळकळीने सांगतो. खाल्लेल्या गांजाचा अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत लागतात. माणसाला वाटतं काहीच झालं नाही, तो दुसरी गमी खातो आणि मग रात्री इमर्जन्सीत जावं लागतं. लहान मूल असेल तर डबा कुलपात ठेवा, फ्रिजवर नाही. मुलाने खाल्लंच तर पॉयझन कंट्रोलचा नंबर 1-800-222-1222.

दुसरी गोष्ट आपल्या आईवडिलांची. रक्त पातळ करण्यासाठी वॉरफरिन घेणारे एक काका माझ्याकडे येतात. त्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) अचानक चढला. जेवण तेच, पालेभाजी तीच, गोळी तीच. बरंच विचारल्यावर काकूंनी पर्समधून बाटली काढली, झोपेसाठी कुणीतरी दिलेल्या सीबीडीच्या (गांजाच्या झाडातला नशा न आणणारा घटक) गमी. सीबीडीमुळे वॉरफरिन शरीरातून बाहेर पडायला वेळ लागतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. "नैसर्गिक आहे म्हणून सांगितलं नाही," असं त्या म्हणाल्या. कायदेशीर असो, बेकायदेशीर असो, डॉक्टरला आणि फार्मसिस्टला सांगा.

---

ओरलँडोचे_आजोबा | 19 ऑक्टोबर

मी नाही म्हणून मत टाकून मोकळा झालो. गांजा ओढणाऱ्याला तुरुंगात घालावं असं मला वाटत नाही. आज इथे 20 ग्रॅमपर्यंत सापडला तरी वर्षभराची कैद आणि हजार डॉलर दंड होऊ शकतो, हे जास्तच आहे. ते विधिमंडळाने कमी करावं. पण राज्याच्या घटनेत एका धंद्याची सोय लिहून ठेवणं मला पटत नाही. मतभेद असू द्या, पण मत सगळ्यांनी द्या.

---

टॅम्पाकर | 20 ऑक्टोबर

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचा मुद्दा माझ्या मनात दोन दिवस घोळत होता. तरी मी हो वर गोल रंगवला. विधिमंडळ शिक्षा कमी करेल याची वाट किती वर्षं बघायची? 20 ग्रॅमच्या वर गेलं की इथे तो फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा, होतो, पाच वर्षांपर्यंत कैद. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या नावावर तो डाग बसला की नोकरी, घर, सगळ्याला आडवा येतो. मला कंपन्यांच्या फायद्यापेक्षा ते जास्त खुपतं.

फाईलींमधली ताई, भाच्याला काल बोलावलं. ते वाक्य त्याला वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुला चालेल, मला नाही?" मी म्हटलं, हो, असंच आहे, आणि हे अन्यायाचं आहे हेही मला मान्य आहे. पण तुझा व्हिसा त्या अन्यायाशी भांडण्यात जायला नको. मग त्याने स्वतःहून फोन काढला आणि एका ग्रुपमधले काही फोटो दाखवले. त्याच्या हातात काही नाही, पण तो त्या घोळक्यात आहे. तो डिसेंबरमध्ये भारतात जाणार आहे. त्याआधी वकिलाची वेळ घ्यावी का?

---

फाईलींमधली | 20 ऑक्टोबर

हो, जाण्याआधीच घ्या, आल्यावर नाही. आणि वकिलाशी बोलेपर्यंत त्याने स्वतःच्या डोक्याने काही करू नये, फोटो पुसायलाही जाऊ नये. प्रश्न लिहून न्या, म्हणजे वेळ वाया जात नाही. बहुतेक काही होणार नाही, पण काळजी त्याने घ्यायची आहे, नशिबाने नाही.

---

कोलंबसवाला | 6 नोव्हेंबर

निकाल बघितला. 56 टक्क्यांच्या आसपास हो, म्हणजे प्रस्ताव पडला. ओहायोत एवढ्या मतांवर कायदा झाला, तुमच्याकडे बहुमत असून हरलात. आणि माहीत आहे का, ही 60 टक्क्यांची अट फ्लोरिडाने 2006 साली मतदानानेच घालून घेतली, आणि तेव्हा त्या अटीच्या बाजूने पडली होती 58 टक्क्यांहूनही थोडी कमी मतं.

---

टॅम्पाकर | 6 नोव्हेंबर

हे मला खरंच माहीत नव्हतं. वाईट वाटलं. पण मेडिकल गांजाचंही 2014 मध्ये असंच झालं होतं, 58 च्या जवळ येऊन पडलं, आणि दोनच वर्षांनी 71 टक्क्यांनी पास झालं. पुन्हा मतपत्रिकेवर आलं तर मी पुन्हा हो म्हणेन. भाच्याची वकिलाशी भेट पुढच्या मंगळवारी आहे. काय सांगतात ते इथेच लिहीन, दुसऱ्या कुणाच्या मुलाला उपयोगी पडेल.