एमजीबीचे मीटर मूळचे की जोडजाड?

आर्वीचा मिस्त्री: 1966 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, कामाले आली हाय. पेट्रोलचा काटा अर्ध्या टाकीतच ‘एफ’च्या (फुलच्या) पार. निगेटिव्ह अर्थ केल्यापासून (बॅटरीचं पॉझिटिव्हऐवजी निगेटिव्ह टोक बॉडीले जोडल्यापासून) आरपीएम मीटरही मेला. काय बघू?

वायरमन, पुसद: भाऊ, चावी फिरवून पाहा. काटा झटकन जागेवर गेला तर जुना मूव्हिंग आयर्न (चुंबकानं काटा हलवणारा) गेज, सावकाश चढला तर बायमेटल (गरम होऊन वाकणाऱ्या पट्टीचा). बायमेटलले व्होल्टेज 10 वर धरणारा स्टॅबिलायझर लागतेच. स्टॅबिलायझरची अर्थ गंजली की पुरे 12 व्होल्ट जातात, काटा वर पळते. आधी त्या अर्थचा स्क्रू घासा. टाकीतला फ्लोटही गेजच्याच जातीचा पाहिजे.

जुनी गाडी, वरुड: आरपीएम मीटरच्या डायलवर आरव्हीआय (मीटरच्या प्रकाराचा कोड) लिहिलंय का? मग मागे पांढऱ्या इग्निशन वायरचा वेढा असेल. पोलॅरिटी बदलली की मीटरच्या आतली सप्लाय-अर्थ अदलाबदल करा, वेढाही उलटा. तसंच चालवलं असेल तर आतलं ट्रान्झिस्टर गेलं समजा. अन् टेम्परेचर मीटरची बारीक नळी कापू नका बा, आतला ईथर (चटकन उडणारा द्रव) उडाला की मीटर भंगारात.

आर्वीचा मिस्त्री: स्टॅबिलायझरवर ‘बी’ टोकाले सप्लाय, ‘आय’ टोक मीटरकडे ना?

वायरमन, पुसद: हो.