मदत हवी आहे : जिवाणूंना गर्दी कळते की जागेचा बंदिस्तपणा?

व्हिब्रिओ फिशेरी हा जिवाणू मोकळ्या समुद्रात विरळ असताना प्रकाशत नाही, पण बॉबटेल स्क्विड या छोट्या समुद्री प्राण्याच्या प्रकाश-अवयवात त्याची दाटी झाली की लक्स-आय या विकराने (एन्झाइमने) तयार केलेला संकेतरेणू, म्हणजे पेशी बाहेर सोडतात तो निरोप्या रेणू, साचतो, लक्स-आर प्रथिनाला जोडला जातो आणि प्रकाशाची जनुके जागी होतात, इथपर्यंत मला समजले आहे. ही यंत्रणा मला फार विलक्षण वाटते. अडचण पुढची आहे. संकेतरेणूची तीव्रता पेशींच्या संख्येइतकीच तो किती वेगाने वाहून जातो यावरही अवलंबून असते. मग चिंचोळ्या पोकळीत अडकलेल्या मोजक्या पेशी आणि खुल्या द्रवातील दाट वसाहत यांतला फरक जिवाणू ओळखतो का, आणि ओळखत असल्यास कसा? पेशींची संख्या तीच ठेवून केवळ प्रवाहाचा वेग बदललेल्या प्रयोगांविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.