मदत हवी आहे: 1380 कोटी वर्षांचं विश्व, मग त्याची आपल्याला दिसणारी कड 4600 कोटी प्रकाशवर्षांवर कशी?

खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात विश्वाच्या उत्पत्तीवर रविवारी तासभर बोलायचं आहे. ऐकणारे दहावीपर्यंत शिकलेले, निम्मे कन्नड माध्यमातले. प्रोजेक्टर नाही, फक्त फळा.

विश्वाचं प्रसरण दाखवायला फुगा वापरून झाला. त्यावर काढलेली दीर्घिकाही (ताऱ्यांचा प्रचंड समूह) फुगते (खरी फुगत नाही, गुरुत्वाकर्षण तिला धरून ठेवतं) आणि लोक फुग्याचा मध्य शोधत बसतात. म्हणून इलॅस्टिकवरची मुंगी घेतली: इलॅस्टिक म्हणजे ताणलं जाणारं अवकाश, मुंगी म्हणजे आपल्याकडे येणारा प्रकाश. इलॅस्टिक 10 सेंमी, एक टोक म्हणजे आपण, मुंगी 3 सेंमीवर. ती दर वेळी 1 सेंमी आपल्याकडे चालते, मग इलॅस्टिक 10 सेंमीने ताणायचं. मुंगी आधी लांबच जाते, साधारण 4.7 सेंमीपर्यंत, मग वळते आणि 11व्या पावलाला पोचते. चालली 11 सेंमी, पण निघाली ती खूण आता 33 सेंमीवर! वैश्विक पार्श्वप्रारणाचंही (विश्वाच्या सुरुवातीच्या काळात निघालेला, आज सगळीकडून येणारा प्रकाश) तसंच: निघालं तेव्हा ती जागा सुमारे 4.2 कोटी प्रकाशवर्षांवर होती, आज 4600 कोटींवर. (मुंगीचं 33 ला 11 हे तिप्पट गुणोत्तर खऱ्या 4600 ला 1380 च्या जवळ आलं, तो योगायोग.)

अडचण अशी की शिंप्याकडचं इलॅस्टिक जेमतेम दुप्पट ताणतं, इथे 11 पट हवं. सायकलच्या ट्यूबची पट्टी गाठीजवळ कमी ताणते, खुणा बिघडतात. फळ्यावर आकडे मांडले तर अपूर्णांक आले की माणसं गळतात.

10-11 पट एकसारखं ताणलं जाणारं, बेळगावच्या बाजारात मिळेल असं काही आहे का? नसल्यास, दुप्पट ताणातच मुंगी आधी लांब जाऊन मग परत येताना दिसेल असे आकडे कोणते घ्यावेत?