पीचचे नवे संकरित वाण निवडताना रंग आधी पाहावा की चव?

माळरान:
सालीच्या लालीवरून पीचचे रोप निवडण्याची पद्धत आता थांबवावी, असे माझे ठाम मत आहे. लालीवरून पक्वता कळत नाही. तिच्याखालचा हिरवट मूळ रंग उतरून पिवळसर होऊ लागतो, तेव्हा फळ तोडणीला आलेले असते. अमेरिकेतील पैदासकार बाजाराच्या मागणीनुसार अधिकाधिक लाल रोपे निवडत गेले आणि त्यामुळे अनेक वाणांत लाली फळभर पसरून मूळ रंगच झाकला गेला, परिणामी अपक्व फळही तयार झाल्यासारखे दिसते. केळ्यात पिष्टाची साखर होते, तसा साठा पीचजवळ नसतो. लवकर तोडलेले पीच मऊ होते, पण गोड होत नाही.

बांधावर:
आपले निरीक्षण योग्य आहे, मात्र त्याचा दोष संकराच्या माथी मारणे मला पटत नाही. अमेरिकेत मिशिगनमधील साऊथ हेवन येथे पैदासकार स्टॅनले जॉन्स्टन यांनी हेलहेवन आणि कॅलहेवन या पीच वाणांच्या संकरातून निवडलेला रेडहेवन हा वाण १९४० साली आला. तो लाल आहे, टणक आहे, त्याची लव कमी आहे, आणि तरीही चवदार आहे. इतर वाण त्याच्या किती दिवस आधी किंवा नंतर तयार होतात, अशीच नोंद आजही केली जाते. चव बिघडते ती पुढे. साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसला बरेच दिवस ठेवलेल्या पीचचा गर पिठूळ आणि कोरडा होतो, आणि गिऱ्हाईक मात्र वाणाला नावे ठेवते.

कलमबाग:
दोघांच्याही चर्चेत हवामान राहून गेले. पीचला फुलण्यासाठी हिवाळी थंडीचे ठरावीक तास लागतात. फ्लोरिडा विद्यापीठाच्या फ्लोर्डाप्रिन्स या वाणाला सुमारे १५० तास पुरतात, म्हणून तो पंजाबातही लावला जातो. जिथे पूर्वी पीच येतच नव्हते, तिथे आधी फळ लागणे हीच गुणवत्ता आहे. चवीचा प्रश्न त्यानंतरचा. शिवाय चव सुधारली म्हणून बाजार वळतोच असे नाही: दापोलीच्या विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ साली दिलेल्या रत्ना आंब्यात साका (हापूसचा गर आतून खराब होण्याचा दोष) होत नाही, तरी गिऱ्हाईक हापूसच मागते.

माळरान:
रेडहेवनचा दाखला मान्य आहे, पण त्याच्या लालीआडून पिवळा मूळ रंग दिसतो. नंतरच्या निवडीत हीच मर्यादा ओलांडली गेली. कलमबाग यांना माझे उत्तर असे की, चव नंतर आणू म्हटले तर ती सहजी आणता येत नाही. कोरियातील यूम्योंग वाणाचे फळ स्वतः इथिलीन (फळ पिकवणारा वायू) जवळजवळ तयार करत नाही, त्यामुळे ते झाडावर पूर्ण गोडी येईपर्यंत ठेवूनही टणक राहते आणि लांबच्या प्रवासाला टिकते. माझ्या लवकर तोडणीच्या आणि बांधावर यांच्या साठवणीच्या, अशा दोन्ही आक्षेपांवर मला हा मार्ग सर्वांत आशादायक वाटतो. परंतु हा गुण आनुवंशिकदृष्ट्या अप्रभावी आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच फळात दिसतो. सामान्य पीचशी संकर केल्यास पहिल्या पिढीत तो दिसत नाही, दुसऱ्या पिढीतील सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रोपांतच उमटतो, आणि प्रत्येक पिढीला फळ धरायला तीनेक वर्षे लागतात.